यंदा रंग नाही

"कोण गेलं, बाई?" हिल्दार्दोशेठनं विचारलं आणि डोक्यावरची टोपी काढून गल्ल्याशेजारी ठेवली. एदील्माच्या हातात रंगांची पट्टी होती, बोट एका शेवाळी हिरव्यावर टेकलेलं होतं. टोपी काढल्यामुळे शेठचं टक्कल तिला पहिल्यांदाच दिसलं, आणि मनात आलं ते एवढंच, की इतकी वर्षं या दुकानात येतोय आणि या माणसाला टक्कल आहे हे आपल्याला ठाऊकच नव्हतं. ती आली होती एका साध्या कुरबुरीसाठी. लिसीमाकोनं, म्हणजे तिच्या नवऱ्यानं, नेहमीसारखे नोव्हेंबर सरता सरता तेलरंगाचे डबे आणून जिन्याखाली ठेवले होते, आणि रंग काय आणला, तर हस्तिदंती. दारांना एक वेळ चालेल, पण स्वयंपाकघरातल्या कपाटांना हस्तिदंती कोण लावतं? बीन्सच्या कुकरची वाफ, तेलकट बोटं, आठवड्यात मुठीभोवती काळं कडं. हे ती चार वेळा बोलून दाखवून मोकळी झाली होती. मग एक दिवस डबे जिन्याखालून दिसेनासे झाले आणि ती मनातल्या मनात खूश झाली, की चला, म्हातारा गपचूप बदलायला घेऊन गेला. पण त्याचा काय भरवसा, हस्तिदंती देऊन सायीचा रंग घेऊन यायचा. म्हणून ती स्वतःच चढ उतरून खाली आली होती. आणि शेठ सांगत होता की बदलून कुठले, लिसीमाको डबे परत देऊन गेला. यंदा रंग नाही, म्हणाला.

मान्रिके वस्तीच्या त्या चढावर हे वाक्य कोणी उगाच तोंडातून काढत नाही. डिसेंबर लागला की तिथं घरं रंगतात. ज्याच्या घरी दोन वेळची मारामार, तोसुद्धा कुठून तरी डबाभर तेलरंग आणतो, आणि भिंती राहिल्या तर राहिल्या, पण आतली दारं, चौकटी, जमिनीलगतच्या लाकडी पट्ट्या आणि कपाटं तेवढी लखलखीत करतो. कारण नाताळाआधीच्या नऊ संध्याकाळी सगळा शेजार प्रार्थनेला आळीपाळीनं घरोघर जमतो, ओठ जप करत असतात आणि बायकांचे डोळे दारांच्या कडांवरून फिरत असतात. रंग लागत नाही तो फक्त एका घराला. ज्या घरातलं माणूस गेलंय, त्या घराला. तिथं जुना रंग तसाच राहू देतात, आणि मग कोणाला काही सांगावं लागत नाही. हे एदील्माला ठाऊक नव्हतं असं थोडंच आहे. सासू गेली त्या वर्षी तिनं स्वतःच पाळलं होतं. पण आत्ता दुकानात उभं राहून ती शेठकडे पाहत होती आणि तिच्या कानात, सकाळी भरलेला प्रेशर कुकर शिट्टीआधी करतो ना, तसा बारीक आवाज चालू झाला होता.

"कोणी नाही," ती म्हणाली. "कोणी गेलं नाही. त्यांचे गुडघे धरलेत, म्हणून म्हणाले असतील." हो का, हो का, असं शेठ म्हणाला, पण टोपी काही त्यानं परत घातली नाही. तिनं शेवाळी हिरव्याचा डबा मागितला. लाकडासाठीच ना, चकाकीचा की मंद, असं त्यानं विचारलं, ती मंद म्हणाली, आपण मंद का म्हणालो हे तिला कळलं नाही, आयुष्यभर ती चकाकीचाच घेत आली होती. त्यानं डबा काढला, हलवला, झाकण चहूबाजूंनी ठोकून बसवलं, वर एक घासकागद फुकट दिला, आणि म्हणाला, देव तुम्हाला बळ देवो. रंग विकताना तो असं कधी म्हणत नाही. रंग विकताना तो बावळट विनोद करतो.

चढ तोच होता, पायऱ्या त्याच, पण आज त्या एकेक करून पायाखाली येत होत्या आणि प्रत्येक पायरीवर तिला एक कारण सापडत होतं. गुडघे. बरोबर आहे, गुडघेच. दारं बिजागरीवरून काढायची, आडवी टाकायची, खाली वाकून चौकटीच्या पायथ्याशी ब्रश फिरवायचा, आता वय आहे का हे. पुढच्या पायरीवर वाटलं, रुसला असेल. आपण हस्तिदंतीवरून फार बोललो. तो असाच आहे, भांडत नाही, नुसता वस्तू उचलून परत देऊन येतो. त्याच्या पुढच्या पायरीवर वाटलं, डेपोत काही झालं असेल. लिसीमाको बस डेपोत सीटा शिवतो, फाटलेल्या सीटांना नवं कातडं चढवतो. साहेब काही बोलला असेल, काम कमी केलं असेल, आणि घरी सांगायची लाज वाटत असेल. हे कारण तिला एवढं आवडलं की ती क्षणभर थांबली आणि डबा दुसऱ्या हातात घेतला. नोकरी गेली असू दे देवा, असं ती चक्क मनात म्हणाली, आणि नवऱ्याची नोकरी जावी म्हणून आपण देवाला विनवतोय हे ध्यानात आल्यावर तिनं डबा पायरीवर टेकवला. कारण मग दुसरं जे काही होतं ते उरलं होतं, आणि घरात माणसं तीनच. एक ती. एक लिसीमाको. आणि तिसरा आर्बेय, त्यांचा पोरगा, जो घरात नव्हता.

समोरच्या घराची रोसाल्बा स्टुलावर चढून आपली खिडकी रंगवत होती, रेडिओ मोठ्यानं लावलेला, डोक्याला फडकं. लांबूनच ओरडली, की काय गं, या वेळी कोणता? एदील्मानं डबा वर करून दाखवला. हिरवा, ती म्हणाली, शेवाळी. बरं बाई, रोसाल्बा म्हणाली, मला वाटलं यंदा तुम्ही विसरलात की काय, आणि पोराची खोली पण करणार ना, का तिथं अजून तोच निळा? पोराची खोली असं ती दर वर्षी न चुकता विचारायची. आर्बेयचा फोन यायचा बंद झाल्यापासून तिनं ते धरलं होतं. तिच्या मते आर्बेयनं तिकडे संसार थाटला होता आणि आईबापांना विसरला होता, आणि हे ती चांगल्या मनानंच म्हणायची, कारण दुसरं जे म्हणता आलं असतं ते याहून वाईट होतं. "सगळं करणार," एदील्मा म्हणाली. "खोलीपासूनच सुरुवात करणार." आणि तिनं घराची कडी काढली. आपण भर रस्त्यात, डबा वर करून, हे काय बोलून बसलो, असं तिला आत आल्यावर वाटलं. पण बोलून झालं होतं.

घरात कोणी नव्हतं. तिनं चप्पलसुद्धा काढली नाही. बादलीत साबणाचं पाणी केलं आणि आर्बेयच्या खोलीचं दार पुसायला घेतलं, कारण हात रिकामे ठेवणं तिला शक्य नव्हतं. लिसीमाको असता तर दार आधी उतरवलं असतं, मूठ काढून पेल्यात टाकली असती, बिजागऱ्यांना कागद चिकटवला असता. रंगाच्या बाबतीत तो असा, की घरात कुठं एक ओघळ दिसला तर त्याला जेवण गोड लागत नाही. ब्रश कोरडा कर, ब्रश कोरडा कर, हे त्याचं पालुपद. आधी दिल्ले, म्हणजे दारातल्या चौकोनी फळ्या, मग आडव्या पट्ट्या, शेवटी उभ्या, आणि कडा वाळायच्या आत. तिला सगळं येत होतं, दर वर्षी कपाटं तीच तर करायची. तिनं दार पुसलं, कोरडं केलं, फुकटचा घासकागद घेतला आणि घासायला लागली. निळा रंग पिठासारखा खाली पडायला लागला, खालून मागच्याच्या मागच्या वर्षीचा निळा दिसला, त्याच्या खालचाही निळा. बाकीच्या घराचे रंग दर वर्षी बदलले, हे दार कधी बदललं नाही. आर्बेयनं हाच रंग निवडला होता, म्हणून.

आणि मग मधल्या पट्टीवर, मुठीच्या जरा खाली, तिच्या बोटांना तो लागला. ओघळ. आर्बेय बारा वर्षांचा असताना त्यानं हट्टानं स्वतःचं दार स्वतः रंगवलं होतं. ब्रश डब्यात पार मुठीपर्यंत बुडवायचा आणि तसाच दारावर थापायचा. लिसीमाको पाठीमागं उभा राहून हात चोळत होता, बोलत नव्हता, कारण बोलायचं नाही असं एदील्मानं त्याच्याकडून कबूल करून घेतलं होतं. सगळे ओघळ मागाहून त्यानं घासून काढले. हा एक राहिला, कारण पोरगं म्हणालं होतं, बाबा, हा राहू द्या, हा माझा आहे. चिंचोक्याएवढा ओघळ. त्यानंतर दर डिसेंबरला लिसीमाको ते दार घासायचा आणि नेमका त्या ओघळाशी आला की घासकागद त्याच्या कडेकडेनं वळवायचा. रंगावर रंग चढून तो गोलमटोल झाला होता. पोरगं मोठं झालं, मिशी फुटली, खाली मोटारसायकलींच्या गॅरेजात लागलं, ते सोडलं, मग मित्रांबरोबर सरहद्दीपलीकडच्या जंगलात सोन्याच्या खाणीवर गेलं. एका वर्षात घराचा मजला चढवतो म्हणाला होता. सुरुवातीला आठवड्याला फोन, दुसऱ्याच कोणाच्या तरी मोबाइलवरून, मागं पाण्याच्या पंपाचा आवाज. आई, दारं रंगवलीस का? माझं निळंच ठेव. मग महिन्याला एक फोन. मग काही नाही. ज्या डिसेंबरला पहिल्यांदा फोन आला नाही त्या डिसेंबरला लिसीमाको सोफ्यावर बसून राहिला होता, आणि तिनंच त्याला उठवलं होतं. ती म्हणाली होती, उठा, रंग आणा, लोक काय समजतील. लोकांचं तर होतंच, पण तिला वाटत होतं की जोवर आपण रंगवतोय तोवर या घरातून कोणी गेलेलं नाही. हे तिनं कधी बोलून दाखवलं नव्हतं. त्या वर्षी तिनं कपाटांना केशरी लावला होता, भडक, रस्त्यावरून दिसेल असा.

गेल्या काही आठवड्यांतला लिसीमाको आता तिच्या डोळ्यांसमोर येऊ लागला, एकेक करून, आणि तिला नको असताना. ताटातला मक्याचा अरेपा कुस्करून कुत्र्याला घालणारा. गुळपाणी निवेपर्यंत पेल्याकडे बघत बसणारा. एकदा ती आंघोळीहून बाहेर आली तर तो या दाराशी उभा होता, बिजागरीत तेल सोडत, आणि तिनं विचारलं, करकरतंय का, तर म्हणाला, नाही, उगीच. तिला हसू आलं होतं, म्हातारपणी माणसाला काहीही सुचतं. आता ती बाई, जी तेव्हा हसली होती, ती तिला कोणी परकी वाटली, थोबाडीत मारावी अशी. तिनं झाकण उचकटलं, काडीनं रंग ढवळला, तेलाचा उग्र वास नाकात शिरला. डिसेंबरचा वास. तिनं ब्रश बुडवला आणि हिरवा निळ्यावर ओढला. आपण निळ्यावर हिरवा लावतोय हे तिला तेव्हा उमगलंच नाही. हात आपला चालला होता.

लिसीमाको आला तेव्हा वरचा दिल्ला होऊन खालचा अर्धा झाला होता. दाराशी त्याची चप्पल थांबली. बाहेर रोसाल्बाच्या रेडिओवर नाताळाची तीच ती गाणी चालू होती. तिनं मागे वळून पाहिलं नाही. नेहमीसारखं व्हावं एवढ्यासाठी तिनं ब्रश मुद्दाम भरून घेतला, निथळू दिला नाही, तसाच दिल्ल्याच्या वरच्या कडेला टेकवला. रंगाचा जाडसर थेंब जमला, फुगला आणि खाली यायला लागला.

"बघा हो," ती म्हणाली, "ओघळ येतोय का?"

तो जवळ आला. त्याचा श्वास तिला मानेवर लागला. थेंब दोघांच्या देखत, भर उजेडात, दिल्ल्यावरून सावकाश उतरत होता, आंधळ्यालाही दिसला असता.

"नाही," लिसीमाको म्हणाला. "छान चाललंय."

तेव्हा तिला कळलं. दुकानात कळलं नव्हतं, चढावर कळलं नव्हतं, तिथं नुसती भीती वाटली होती. हा माणूस ओघळ बघून नाही म्हणतो म्हणजे आता जगात काही जागेवर राहिलेलं नाही.

"कधी?" तिनं विचारलं.

काय कधी, असं त्याला म्हणता आलं असतं. तो म्हणाला नाही. तो आर्बेयच्या पलंगाच्या कडेवर बसला, हातातली पिशवी मांडीवर घेऊन, दवाखान्यात नंबर यायची वाट बघणारा बसतो तसा, आणि बोलायला लागला. गेल्या महिन्यात डेपोत एक माणूस आला होता. खाणीवरून परत आपल्या गावी निघालेला, मधे गाडी बदलायला उतरला, आणि आर्बेयचे वडील इथं सीटा शिवतात ना, असं विचारत विचारत त्याच्यापर्यंत पोचला. त्यानं काही आणलं नव्हतं. नुसतं सांगायला आला होता, कारण त्यानं आर्बेयला तसं वचन दिलं होतं. पाऊस लागून राहिला होता, खाणीच्या तोंडावरची माती खाली आली. चौघं होते आत. बाकीच्यांनी त्यांना तिथंच, नदीच्या वरच्या अंगाला पुरलं. त्या माणसानं स्वतः माती लोटली.

"कधी, म्हटलं मी."

"फोन बंद झाले ना," तो म्हणाला, "तेव्हाच."

तिला आधी ते कळलंच नाही. मग ती बोटांवर नाही, रंगांवर मोजायला लागली. केशरी. त्यानंतर लिंबोणीचा पिवळा. त्यानंतर गेल्या वर्षीचा तो विटकरी, ज्याचं रोसाल्बानं एवढं कौतुक केलं होतं. ती मातीखाली असलेल्या पोराच्या घरात केशरी लावून बसली होती. चीजचे बुन्युएलो तळले होते, दुधाच्या नातियाच्या वड्या पाडल्या होत्या, नऊ संध्याकाळी पाहुण्यांना दारांवर हात फिरवून दाखवला होता, की बघा, कसा आरसा केलाय यांनी. आणि त्या तिन्ही वर्षांत या घराला रंग लागायला नको होता. एकदासुद्धा नको होता. ती ब्रश डब्यावर आडवा ठेवून चौकटीला धरून उभी राहिली, आणि तिच्या तोंडून निघालं ते भलतंच.

"आणि हे मला हिल्दार्दोनं सांगायचं? रंगवाल्यानं? टोपी काढून?"

"मी त्याला काही सांगितलं नव्हतं."

"रंग नाही म्हणालात ना. अजून काय सांगायचं राहतं? तुमच्या तोंडानं सांगायचं सोडून तुम्ही ते दुकानात ठेवून आलात, की मी जाऊन घेऊन येईन."

खरं असावं ते. निदान काही अंशी तरी. तो म्हणाला, खाली मान घालून, एकेक शब्द उचलून ठेवल्यासारखा: "डिसेंबर जाऊ द्यावा म्हटलं होतं. तू माशाच्या बाजारात गेलीस त्या दिवशी बसलो होतो रंगवायला, हेच दार घेऊन. गेल्या वर्षीच्या उरलेल्या निळ्याचा डबा उघडला, ढवळला. हात उचलेना गं. तुला सांगवेना, आणि रंग लावून खोटंही बोलवेना. काय करायचं मी?"

तिला त्याचा राग होता, पुष्कळ होता, तो जाणारही नव्हता. पण त्याचे हात पिशवीवर पडले होते, सुया टोचून टोचून जाड झालेली बोटं, आणि ते हात त्या दिवशी उचलले नव्हते, तिचे मात्र आज उचलले होते. तिनं दाराकडे पाहिलं. निळ्यावर तो मंद शेवाळी, अर्धा वाळायला आलेला, अर्धा ओला. कोणाचा रंग हा? कोणाला विचारून लावला? ती स्वयंपाकघरात गेली, ओट्याखालून टर्पेंटाइनची बाटली आणि जुनी बनियन घेऊन आली. बनियन मधून फाडली. एक तुकडा भिजवून तिनं दिल्ल्यावर दाबला आणि वरून खाली ओढला. हिरवं फडक्यावर आलं, खालून निळा वर आला, ठिकठिकाणी घासकागदानं पांढुरका झालेला, चट्टे पडलेला, पण निळा.

लिसीमाको बघत राहिला. मग उठला, पिशवी पलंगावर ठेवली, दुसरा तुकडा घेतला आणि खालच्या दिल्ल्याशी गुडघ्यांवर बसला. दोघं पुसत होती. आधी कडा, मग दिल्ले, मग पट्ट्या. टर्पेंटाइननं डोळे झोंबत होते, ते एक बरं होतं. मधल्या पट्टीवर तिच्या हिरव्याचे शिंतोडे उडाले होते. तिथं आल्यावर त्याचा हात थांबला, त्यानं फडक्याचं टोक बोटाभोवती गुंडाळलं आणि त्या ओघळाच्या कडेकडेनं, त्याला धक्का न लावता, सगळीकडून हिरवं टिपून काढलं. मग मात्र त्यानं कपाळ दाराला टेकवलं आणि तो रडला. त्याला रडताना तिनं आधी कधी पाहिलं नव्हतं. आवाज बारीक होता, लहान मुलासारखा. तिनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला, टर्पेंटाइनचा, ओला, आणि तो तसाच राहू दिला. तिला स्वतःला रडू येत नव्हतं. अजून आत काहीच पोचलं नव्हतं, सगळं बाहेरच उभं होतं.

खिडकीतून रोसाल्बाची हाक आली. वास येतोय गं इथवर, झाला का एक हात? मी येऊ का बघायला?

येऊ नको, असं म्हणता आलं असतं. अजून ओला आहे, असंही म्हणता आलं असतं, आणि तेवढ्यावर आजचा दिवस निघाला असता, कदाचित उद्याचाही. एदील्मानं हात फडक्याला पुसले. डब्यावर झाकण ठेवलं, अंगठ्यानं चहूबाजूंनी दाबत बसवलं, आणि ती दाराबाहेर पायरीवर गेली. बाहेर ऊन होतं. समोर रोसाल्बा स्टुलावरच होती, ब्रश हातात, अर्धी खिडकी पांढरी. मघाशी याच रस्त्यात आपण डबा वर करून दाखवला होता, हे एदील्माला आठवलं. रोसाल्बा वाट बघत होती, हसत होती.

"नाही गं," एदील्मा म्हणाली. "यंदा आम्ही रंगवत नाही."

रोसाल्बाचा ब्रश जिथल्या तिथं राहिला. त्याच्या टोकाशी पांढरा थेंब जमला आणि खिडकीच्या पट्टीवरून खाली ओघळत गेला, तिनं तो पुसला नाही. ती स्टुलावरून उतरली, डोक्याचं फडकं सोडलं, आत गेली, आणि तिचा रेडिओ बंद झाला.